लाकडाआधीची माती : काष्ठशिल्पाच्या नियोजनातील मृत्प्रारूपाचे स्थान – एक चिकित्सा

सारांश

काष्ठशिल्प कोरण्यापूर्वी मातीत त्याचे लहान प्रारूप घडविण्याची पद्धत कलाशिक्षणात रूढ आहे. या पद्धतीविषयी दोन परस्परविरोधी मते आढळतात. एका मतानुसार मृत्प्रारूप हे शिल्पाचे अपरिहार्य पूर्वनियोजन होय. दुसऱ्या मतानुसार ते लाकडाच्या स्वभावाशी केलेली प्रतारणा होय. प्रस्तुत लेखात या दोन्ही मतांची चिकित्सा केली असून, अर्न्स्ट बार्लाख आणि हेन्री मूर या दोन शिल्पकारांच्या कामाच्या आधारे मृत्प्रारूपाचे योग्य स्थान निश्चित करण्याचा प्रयत्न केला आहे.

प्रस्तावना

कोणत्याही कलेत माध्यम बदलले की विचाराची पद्धत बदलते. मातीत घडविणारा कलावंत चुकला तर चुकलेला भाग पुन्हा मळून घेतो. लाकडात कोरणाऱ्याला ही सवलत नाही. एकदा तासून टाकलेला ढलपा परत जागी बसत नाही, आणि बसविलाच तर त्याचा सांधा शिल्पाच्या अंगावर कायमचा राहतो. त्यामुळे लाकडाला पटाशी लावण्यापूर्वी आकाराचा निर्णय अन्यत्र कोठेतरी घ्यावा, ही इच्छा स्वाभाविक आहे. कागदावरील रेखाटन हा त्याचा एक मार्ग आणि मातीचे प्रारूप हा दुसरा.

हा प्रश्न वरवर पाहता केवळ तंत्राचा वाटतो. वस्तुतः तो निर्मितीच्या जागेचा प्रश्न आहे. शिल्प नेमके कोठे घडते? मातीत, की लाकडात? ते मातीतच पूर्ण झाले असेल, तर लाकूड कोरणारा हात हा केवळ नक्कल करणारा हात ठरतो. ते लाकडात घडत असेल, तर मातीत आधीच घेतलेल्या निर्णयांचे काय करावयाचे? या प्रश्नाच्या उत्तरावर कलाशाळेतील काष्ठशिल्पाच्या अध्यापनाची दिशा अवलंबून असते, म्हणून त्याचा विचार अगत्याचा ठरतो.

१. भर आणि घट : दोन प्रक्रियांमधील भेद

मातीकाम आणि कोरीव काम यांमधील भेद पाश्चात्त्य कलाविचारात फार पूर्वीपासून नोंदविला गेला आहे. पंधराव्या शतकात लिओन बत्तिस्ता अल्बेर्ती याने ‘दे स्तातुआ’ या ग्रंथात माती वा मेण यांत भर घालून व काढून काम करणारे आणि दगडातून केवळ काढून टाकत काम करणारे, असा फरक केला. पुढील शतकात मायकेलअँजेलोने बेनेदेत्तो वार्की याला लिहिलेल्या पत्रात हाच भेद अधिक कठोर केला. काढून टाकून जे साधते तेच खरे शिल्प, भर घालून साधलेले शिल्प चित्रकलेच्या जवळचे, असे त्याचे मत होते.

मात्र येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. घट हाच शिल्पाचा धर्म मानणारा हा कलावंत मेणाची व मातीची लहान प्रारूपे करीत असे. जॉर्जो व्हासारी याने संगमरवर कोरण्याची एक पद्धत सांगितली आहे. प्रारूप पाण्याने भरलेल्या भांड्यात आडवे ठेवावे आणि हळूहळू वर उचलावे. मूर्तीचे सर्वांत उंच भाग प्रथम पाण्याबाहेर येतात, मग त्यांच्या खालचे. दगडातूनही मूर्ती याच क्रमाने बाहेर काढावी, असे तो सांगतो. या दृष्टांताचे मर्म असे की, प्रारूप येथे आकाराचा नमुना म्हणून जितके उपयोगी आहे, त्याहून अधिक ते क्रमाचे शिक्षण म्हणून उपयोगी आहे. आधी काय काढावे, नंतर काय, आणि कोठे हात आखडता घ्यावा, हे ते शिकविते.

भारतीय परंपरेत हा प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला होता. शिल्पशास्त्रांनी मूर्तीसाठी तालमानाची पद्धत दिली. मुखाची लांबी हे एकक मानून मूर्तीची उंची व तिच्या अंगोपांगांची प्रमाणे ठरविली जात. देवतेची आयुधे, आसन व मुद्रा हेही परंपरेने ठरलेले. अशा मूर्तीकाराला ओंडक्याच्या दर्शनी बाजूवर प्रमाणरेषा आखून थेट कोरण्यास आरंभ करता येतो. त्याला मातीच्या प्रारूपाची निकड भासत नाही, कारण परंपरा हेच त्याचे प्रारूप असते. पिढ्यान्‌पिढ्या अनेकांनी केलेल्या चुका व दुरुस्त्या त्या प्रमाणांत जिरलेल्या असतात. यावरून एक महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. जेथे आकार वारशाने मिळत नाही आणि प्रत्येक शिल्पासाठी नव्याने शोधावा लागतो, तेथेच मृत्प्रारूपाची खरी गरज उत्पन्न होते. परंपरेने पूर्वी जे काम केले, ते आधुनिक शिल्पकार मूठभर मातीकडून करून घेतो.

२. थेट कोरण्याचा आग्रह आणि त्याच्या मर्यादा

एकोणिसाव्या शतकाच्या युरोपात मृत्प्रारूपाचे स्थान अवाजवी वाढले. शिल्पकाराने मातीत मूर्ती घडवावी, तिचा प्लास्टरमध्ये साचा काढावा आणि बिंदुमापनाच्या साहाय्याने कारागिरांनी ती संगमरवरात उतरवावी, ही कार्यशाळांची नेहमीची रीत झाली. ओग्युस्त रोदँच्या नावावरील संगमरवरी शिल्पांचे बरेचसे कोरीव काम साहाय्यकांनी केलेले आहे. या व्यवस्थेत कल्पना एकाची आणि हात दुसऱ्याचा अशी फारकत झाली. दगड वा लाकूड हे केवळ आकार स्वीकारणारे, स्वतःचे मत नसलेले द्रव्य बनले.

विसाव्या शतकाच्या आरंभी या व्यवस्थेविरुद्ध जी प्रतिक्रिया उमटली, ती समजण्यासारखी होती. १९०७ मध्ये रोदँची कार्यशाळा सोडणाऱ्या कॉन्स्तान्तिन ब्रांकुशीने दगडात व पुढे लाकडात थेट कोरण्याचा मार्ग धरला. इंग्लंडमध्ये एरिक गिलने त्याच मार्गाचा पुरस्कार केला. तरुण हेन्री मूरने १९३४ मध्ये ‘युनिट वन’ या गटाच्या प्रकाशनात द्रव्याशी प्रामाणिक राहण्याचे तत्त्व मांडले. दगडाला मऊ मांसाचे रूप देऊन खोटे ठरवू नये, प्रत्येक द्रव्याच्या अंगभूत गुणांतूनच आकार यावा, असा त्याचा आशय होता.

या तत्त्वाने शिल्पकलेचे मोठे हित केले, यात शंका नाही. परंतु ते नियम म्हणून स्वीकारले की त्याचे दोष दिसू लागतात. पहिला दोष असा की, लाकूडच आकार सुचविते असे मानणारा नवखा कलावंत ओंडक्याच्या नळकांडी आकारातून बाहेर पडू शकत नाही. हात शरीराला चिकटलेले आणि मान खांद्यांत रुतलेली, अशा मूर्ती त्यातून वारंवार निर्माण होतात. त्यांना द्रव्यनिष्ठा म्हणणे म्हणजे भीतीला तत्त्वाचे नाव देणे होय. दुसरा दोष मूल्यमापनाचा. द्रव्यनिष्ठा हीच श्रेष्ठतेची कसोटी मानली, तर एखाद्या मुलाने केलेला बर्फाचा बाहुला बेर्निनीच्या कृतीपेक्षा सरस ठरावा लागेल. हा आक्षेप स्वतः मूरनेच १९५१ मध्ये लंडनच्या टेट गॅलरीतील प्रदर्शनाच्या निमित्ताने नोंदविला, हे विशेष होय.

३. माती काय सांगते आणि काय लपविते

मृत्प्रारूपाचे गुण प्रथम पाहू. रेखाटन एका वेळी एकाच बाजूने वस्तू दाखविते. प्रारूप हातात धरून सर्व बाजूंनी फिरविता येते. समोरून उत्तम वाटणारी मूर्ती बाजूने पोकळ वा लंगडी दिसते, हे लाकूड अर्धे कोरून झाल्यावर कळण्याऐवजी अर्ध्या तासाच्या मातीकामात कळते. मातीचे प्रारूप तारेने उभे वा आडवे कापून आतील छेद पाहता येतो, आणि कोठल्या खोलीपर्यंत जाणे निर्धोक आहे याचा अंदाज येतो. समोरची व बाजूची बाह्यरेषा ओंडक्याच्या दोन लगतच्या बाजूंवर मोठी करून उतरविली, की निरुपयोगी भाग करवतीनेच काढून टाकता येतो. विल्यम हार्बट या बाथ येथील कलाशिक्षकाने १८९७ मध्ये न वाळणारे ‘प्लॅस्टिसीन’ तयार केले, तेही आपल्या विद्यार्थ्यांची अडचण ओळखून. वाळणाऱ्या मातीला तडे जातात आणि ती आकसते. तेलमिश्रित माती आठवडे न्‌ आठवडे बदलता येते.

मात्र जे गुण मातीला नियोजनासाठी सोयीची बनवितात, तेच लाकडाच्या बाबतीत दिशाभूल करतात. याची चार कारणे संभवतात.

पहिले कारण तंतूंच्या दिशेचे. माती सर्व दिशांनी सारखी असते; लाकूड तसे नसते. तंतूंच्या लांबीच्या दिशेने लाकूड जितका ताण सोसते, त्याच्या अल्पांश ताण ते आडव्या दिशेने सोसते. मातीत तारेच्या आधारावर आडवा पसरलेला हात सहज उभा राहतो. तोच हात उभ्या तंतूंच्या ओंडक्यात कोरला, तर मनगटापाशी आखूड तंतू येतात आणि पटाशीच्या एका घावात तो निखळतो. प्रारूपातील तार हे लाकडाविषयीचे एक असत्य विधानच होय.

दुसरे कारण आकसण्याचे. लाकूड वाळताना लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही; वर्षवलयांच्या परिघाच्या दिशेने ते त्रिज्येच्या दिशेपेक्षा सुमारे दुप्पट आकसते. अखंड ओंडक्याला गाभ्याकडे जाणाऱ्या भेगा पडतात त्या यामुळेच. जर्मनीतील उत्तर-गॉथिक काष्ठशिल्पकार भिंतीला वा वेदीला टेकून उभ्या करावयाच्या मूर्ती मागून पोखरीत असत. टिलमान रीमेनश्नायडरच्या परंपरेतील लिंडन लाकडाच्या मूर्तींमागे हे व्यवहारज्ञान आहे. मायकेल बॅक्सन्डॉल यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द लाइमवुड स्कल्प्टर्स ऑफ रेनेसाँ जर्मनी’ या ग्रंथात लाकडाच्या भौतिक स्वभावापासून या शैलीच्या विवेचनास आरंभ केला, तो याच जाणिवेने. मातीच्या प्रारूपात ही पोकळी कोणी करीत नाही, कारण प्रारूप फक्त बाह्य आकाराचा विचार करते.

तिसरे कारण प्रमाणाचे. वीस सेंटिमीटरचे प्रारूप दोन मीटरचे झाले की लांबी दहापट, पृष्ठभाग शंभरपट आणि घनफळ हजारपट होते. प्रारूपावरील अंगठ्याचा जिवंत दाब दहापट मोठा केल्यावर अर्थहीन खळगा होतो. लहान आकारात आटोपशीर वाटणारी पाठ मोठ्या आकारात ओसाड वाटू शकते. मोठे करणे म्हणजे गुणाकार करणे नव्हे, तर पुन्हा विचार करणे होय.

चौथे कारण हाताच्या सवयीचे. माती बोटांना वश असते, म्हणून तिच्यातील आकार गोलसर, वळलेले, एकातून दुसऱ्यात मिसळणारे होतात. पटाशी पातळ्या आणि कडा निर्माण करते. प्रारूपाचा बोटांनी झालेला मऊपणा लाकडावर उतरविण्यासाठी कोरणारा शेवटी कानस व पॉलिशकागद घेऊन बसतो, आणि लाकडाचे शिल्प साबणाच्या वडीसारखे दिसू लागते.

४. बार्लाख आणि मूर : एक तुलना

या चर्चेच्या प्रकाशात दोन शिल्पकारांचे काम तपासणे उद्बोधक ठरते. अर्न्स्ट बार्लाख (१८७०–१९३८) हा विसाव्या शतकातील काष्ठशिल्पाचा एक प्रमुख कलावंत. तरीही तो मातीत घडवून प्लास्टरवरून लाकडाकडे जात असे. त्याचा ‘सूड घेणारा’ हा प्रथम १९१४ मध्ये मातीत घडला. पुढे झेपावणारी, दोन्ही हातांनी तलवार खांद्यावरून मागे नेलेली ही आकृती लाकडात आली ती १९२२ मध्ये. म्हणजे मधे आठ वर्षे गेली. थेट कोरण्याच्या आग्रही निकषाने पाहता ही नक्कल ठरावी. परंतु शिल्प तसे म्हणू देत नाही. बार्लाखने माती घडवितानाच ती लाकडासारखी घडविली आहे. झग्याच्या घड्या मोजक्या, रुंद आणि पटाशीच्या घावासारख्या तिरप्या आहेत. हातपाय देहाच्या घनतेपासून फारसे सुटे होत नाहीत. बाह्यरेषा बंदिस्त आहे. आकृतीचा सारा आवेग एका पाचरीसारख्या आकारात कोंडलेला आहे. १९०६ च्या रशियाप्रवासात पाहिलेल्या शेतकऱ्यांच्या व भिकाऱ्यांच्या जाडजूड वस्त्रांत गुंडाळलेल्या देहांनी त्याला ही आकारभाषा दिली आणि ती लाकडाला अनुकूल होती. बार्लाखच्या बाबतीत माती लाकडाचा विचार करते. म्हणून लाकडाला मातीची नक्कल करावी लागत नाही.

हेन्री मूर (१८९८–१९८६) याचा प्रवास उलट दिशेने झाला. आरंभी रेखाटनावरून थेट कोरणारा हा शिल्पकार पुढे तळहातावर मावेल अशा त्रिमित प्रारूपांकडे वळला. रेखाटन एक बाजू पक्की करते, तर प्रारूप हातात फिरविताना ते कितीही मोठे आहे अशी कल्पना करता येते, हे त्यामागील कारण होते. एल्मच्या लाकडातील त्याच्या मोठ्या पहुडलेल्या आकृती १९३५–३६ पासून १९७६–७८ पर्यंतच्या काळात पसरलेल्या आहेत. त्यांपैकी डेट्रॉइट येथील १९३९ ची आकृती सुमारे दोन मीटर लांब आहे. तिच्यातील आरपार पोकळ्या पाहिल्या की, ही रचना सर्व बाजूंनी विचार केल्याशिवाय शक्य नव्हती हे ध्यानात येते. एका बाजूने खोदत गेलेली पोकळी दुसऱ्या बाजूने नेमकी कोठे उघडेल, हे एका रेखाटनाने सांगता येत नाही.

तथापि या शिल्पाचा परिणाम ज्यावर उभा आहे, ती गोष्ट कोणत्याही प्रारूपात असू शकत नव्हती. ओंडक्याचे तंतू आकृतीच्या लांबीने वाहतात आणि गुडघे, छाती, खांदे अशा उंचवट्यांवर वर्षवलयांच्या रेषा नकाशातील समोच्च रेषांप्रमाणे उमलतात. देह आणि डोंगर यांचे जे साम्य मूर आयुष्यभर शोधत होता, ते येथे लाकडानेच पूर्ण केले. पोकळ्यांचेही तसेच. एल्मचे तंतू एकमेकांत गुंतलेले असल्याने ते सहजी चिरफळत नाही आणि आरपार उघडलेल्या भागाला आधार देते; शिवाय जाड घन भाग मोकळा झाल्याने लाकूड अधिक समान रीतीने वाळते. माती या निर्णयाची शक्यता दाखवू शकली. त्याचे समर्थन मात्र लाकडाने केले.

दोघांच्या तुलनेतून दिसते ते असे की, प्रारूप केले वा न केले, हा गुणवत्तेचा निकष होऊ शकत नाही. प्रारूप कोणत्या द्रव्याच्या अटींवर केले आणि ते कोठे सोडून दिले, हा खरा निकष होय. बार्लाख प्रारूप करतानाच लाकडाच्या अटी मान्य करतो. मूर प्रारूपाकडून वस्तुमान व पोकळी यांची मांडणी घेतो आणि पृष्ठभागाचा निर्णय लाकडावर सोपवितो.

५. अध्यापनाच्या संदर्भात

या चर्चेचा महाराष्ट्रातील कलाशिक्षणाशी थेट संबंध आहे. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत १८६५ मध्ये जॉन लॉकवुड किपलिंग अध्यापक म्हणून आले आणि वास्तूंच्या अलंकरणासाठी मातीकाम व प्लास्टर यांचे शिक्षण तेथे रुजले. तेव्हापासून मातीकाम हे शिल्पशिक्षणाचे प्रवेशद्वार राहिले आहे. विद्यार्थी प्रथम मातीत डोके वा देह घडवितो आणि लाकूड व दगड यांच्याकडे त्यानंतर वळतो. तोवर आकार म्हणजे भर घालणे, ही सवय हातात मुरलेली असते. अशा विद्यार्थ्याला प्रारूपाबरहुकूम लाकूड कोरण्यास सांगून साम्यावर गुण दिले, तर त्याला काष्ठशिल्प शिकविले असे म्हणता येणार नाही. त्याला बिंदुमापन शिकविले, इतकेच.

यावर प्रारूप बंद करणे हा उपाय नव्हे. प्रारूपाची रीत बदलणे हा उपाय होय. उपलब्ध ओंडक्याच्या प्रमाणात मातीचा ठोकळा तयार करावा आणि त्यातून सुरी वा तारेने केवळ काढतच जावे. भर घालू नये. ठोकळ्यावर तंतूंची दिशा आणि ओंडक्यातील गाठी व भेगा यांच्या जागा आरंभीच रेखाव्यात. आतून तार घालू नये. तारेवाचून जे मातीत उभे राहत नाही, त्याच्याकडे लाकडातही संशयाने पाहावे. बोटांऐवजी पातळी पाडणारे हत्यार वापरावे. मुख्य घनाकार, अक्ष, झुकाव आणि पोकळ्यांच्या जागा एवढे ठरले की प्रारूप थांबवावे. चेहरा, बोटे, घड्या त्यात करू नयेत. मूल्यमापन करताना तयार शिल्प प्रारूपासारखे आहे का, हे विचारण्याऐवजी ते प्रारूपापासून कोठे व का दूर गेले, हे विद्यार्थ्याला विचारावे. ज्याच्यापाशी या प्रश्नाचे उत्तर आहे, त्याने लाकूड वाचले आहे.

यात केवळ शैक्षणिक काटेकोरपणाचा प्रश्न नाही. मोठ्या शिल्पाचा ओंडका देणारे झाड अनेक दशकांनी तयार होते. ब्रिटनमध्ये एल्मच्या रोगाने १९७० च्या दशकात लक्षावधी झाडे नष्ट झाली, आणि मूरसारख्याला हवे असणारे प्रचंड ओंडके दुर्मीळ झाले. आपल्याकडेही शिसव वा साग यांचा मोठा ओंडका विद्यार्थ्याच्या हाती सहज येत नाही. माती पुन्हा मळता येते, झाड पुन्हा लवकर वाढत नाही. काटकसर हेही मृत्प्रारूपाच्या बाजूचे एक नैतिक कारण आहे, आणि थेट कोरण्याच्या पुरस्कर्त्यांनी त्याची फारशी दखल घेतलेली दिसत नाही.

समारोप

मृत्प्रारूपाचा कैवार घेणारे आणि त्याला विरोध करणारे अशा दोन्ही पक्षांनी प्रारूपाला उत्तर मानले आहे. एकाला ते उत्तर हवे आहे, दुसऱ्याला नको आहे. वास्तविक प्रारूप हा लाकडाला विचारावयाचा प्रश्न आहे. तो प्रश्न मातीत नीट मांडला गेला नाही, तर लाकूड वाया जाते. मातीतच त्याचे उत्तर देऊन टाकले, तर लाकूड मुके राहते. परंपरेचा आधार सुटलेल्या काळात शिल्पकाराला हा प्रश्न स्वतःच मांडावा लागतो. त्यासाठी माती हे सर्वांत स्वस्त, सर्वांत आज्ञाधारक आणि म्हणूनच सर्वाधिक सावधपणे वापरावयाचे साधन आहे. काष्ठशिल्पाच्या अध्यापकाने हा सावधपणा शिकविला, तर पटाशीचा उपयोग विद्यार्थी स्वतः शिकेल.